रोज मोठा, हजेरी थोडी

काका, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मुलगी दोन वर्षांची आहे. माझे मिस्टर २९ वर्षांचे, मध्यमगती गोलंदाज. पाच मोसमांत रणजीचे ११ सामने खेळले. मागच्या मोसमात तीन खेळायला मिळाले, दोन सामन्यांत राखीव होते, मग यादीतून नावच गेलं. का ते कुणी सांगितलं नाही. आता केंद्र सरकारच्या एका खात्यातून क्रीडा कोट्यातली नेमणुकीची ऑर्डर आली आहे, क्लार्कची. महिन्याभरात मुंबईत हजर व्हायचं आहे. हे म्हणतात, टेबलावर बसलो की संपलो. एक मित्र सांगतो, ईशान्येकडच्या एखाद्या राज्याच्या संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून जमवून देतो, थोडा खर्च येईल. सासूबाई म्हणतात, तुझं ऐकतो तो, तूच सांग आता पुरे म्हणून. रोज पहाटे पाचला उठून किट बॅग भरतात आणि मॅच नसली तरी मैदानावर जातात. मला बघवत नाही. पण मी 'बस' म्हटलं, तर ते जन्मभर माझ्या नावावर राहील ना?

– नाव छापू नका

---

ताई,

शेवटचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारल्यासारखा विचारलाय, पण सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय हे दिसतं. तुमची भीती खरी आहे. तुम्ही 'बस' म्हटलंत तर ते तुमच्याच नावावर राहील. दहा वर्षांनी कुणाच्या तरी लग्नात त्याचा जुना जोडीदार भेटेल, तेव्हा टिकलेला, पुढे गेलेला. येताना गाडीत हा गप्प बसेल आणि तुम्हाला कारण विचारावं लागणार नाही. बाद दिलेला फलंदाज तंबूत जाईपर्यंत अंपायरकडे वळून वळून बघतो. इथे तर दोघांना एकाच तंबूत राहायचंय. तेव्हा बोट वर करू नका. आणि मनात नसताना 'खेळा, मी आहे' असंही म्हणू नका, त्याला ते लगेच कळेल. (माझ्या धाकट्याच्या वयाचा आहे, म्हणून एकेरीत लिहितोय. राग मानू नका.)

माझं थोडं सांगतो, म्हणजे हा म्हातारा कुठल्या हक्काने बोलतोय ते कळेल. मी डावखुरा फिरकी टाकायचो. ऐंशीच्या दशकात थोडे रणजी सामने खेळलो, इतके थोडे की आकडा सांगायला लाज वाटते, आणि ३१ वर्षं बँकेत काढली. आजही कार्यक्रमात ओळख करून देताना 'माजी रणजीपटू' म्हणतात. बँकेचं नाव कुणी काढत नाही. जेवलो मात्र बँकेवर.

रणजी म्हणजे भारतीय संघाकडे जाणारी पायरी, अशी आपल्याकडे सगळ्यांची समजूत आहे. सासूबाईंची तीच, मित्राची तीच, आणि तुमच्या मिस्टरांचीही तीच असणार. देशात रणजीचे ३८ संघ. प्रत्येकाचे १५ धरले तरी ५७० माणसं झाली. वर खेळतात अकरा. पायरी म्हणून बघितलं तर जवळजवळ सगळेच मधे अडकलेले दिसतील. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८-४९ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या आणि समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले, हरयाणाच्या राजिंदर गोयलांनी एकट्या रणजीत ६३७. दोघंही डावखुरे फिरकीपटू, आणि भारतीय संघात तीच जागा धरून बसलेल्या बिशनसिंग बेदीच्या काळात जन्मले, एवढाच त्यांचा गुन्हा. ही माणसं पायरीवर अडकली असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती त्यांच्या कामात वाकबगार होती आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

म्हणून मी तुम्हाला रणजीकडे दुसऱ्या नजरेने बघायला सांगणार आहे. ही कुशल कारागिराची रोजंदारी आहे. रोज चांगला घसघशीत आहे, पण मस्टरवर आपलं नाव किती दिवस लागेल ते आपल्या हातात नाही. चांगल्या गवंड्याला विचारा, तो आधी रोज सांगत नाही, 'महिन्यात किती दिवस काम आहे' ते विचारतो. तुमच्या घरात सगळी चर्चा रोजाची आणि स्वप्नाची चाललीय, दिवसांची कुणी करत नाही.

आता वही घ्या. २०२१ पासून भारतीय क्रिकेट मंडळाचे दर असे आहेत: २० सामन्यांपर्यंत खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामने झालेल्याला ५० हजार, त्याच्या वर ६० हजार. त्याआधी सगळ्यांना सरसकट ३५ हजार होते. अकरांत नसलेल्या राखीव खेळाडूला निम्मे. तुमचा नवरा पहिल्या गटात. मागच्या मोसमात तीन सामने, म्हणजे १२ दिवस, ४ लाख ८० हजार. राखीव म्हणून आठ दिवस, १ लाख ६० हजार. एकूण ६ लाख ४० हजार, टीडीएस कापण्याआधी. वर्षाकाठी ही रक्कम वाईट नाही, आणि म्हणूनच ती फसवते. कारण त्याच्याच गटातला, पण संघात पक्का असलेला गोलंदाज साखळीचे सातही सामने खेळतो. २८ दिवसांचे ११ लाख २० हजार. विजय हजारे या एकदिवसीय स्पर्धेचे सात सामने खेळला तर आणखी २ लाख ८० हजार. मुश्ताक अली या टी-ट्वेंटी स्पर्धेला सामन्यामागे साडेसतरा हजार, सातांचे १ लाख २२ हजार ५००. बेरीज सव्वापंधरा लाखांच्या आसपास, बाद फेरी वेगळी. दोघांची गुणवत्ता कदाचित उन्नीस-बीस असेल. पगार दुपटीहून वेगळा, कारण हजेरी वेगळी.

आणि पाच मोसमांचं बघा. ११ सामने, प्रत्येकी चार दिवस. ४४ दिवस. पाच वर्षांच्या १,८२५ दिवसांत रणजीच्या मैदानावरची हजेरी ४४. हा आकडा त्याला तुम्ही सांगू नका. त्याने स्वतः वहीत मांडून काढू दे. तुम्ही सांगितलात तर तो टोमणा होईल.

याच वहीत दुसऱ्या बाजूला खर्च येऊ द्या. गोलंदाजाचे स्पाइक्सचे बूट किती लवकर जातात ते तुम्हाला माहीत असेल. जिम, फिजिओ, मोसमाबाहेरचा सराव, क्लबच्या सामन्यांसाठी गावोगावचा प्रवास. वार्षिक करार भारतीय संघातल्यांना असतो, रणजीवाल्याचं घर मॅच फीवर चालतं. काही संघटना स्वतःच्या खिशातून भर घालतात. मुंबईने २०२४ मध्ये मंडळाच्या रणजी मानधनाइतकीच रक्कम आपल्याकडून देण्याचं जाहीर केलं. पण सगळ्या संघटनांना मुंबईसारखं परवडत नाही. शिवाय पैसे हातात पडायला वेळ लागतो. मोसम संपून पावसाळा आला तरी वाट बघणारी मुलं मी पाहिली आहेत, कुठली ते सांगत नाही. म्हणून मानधनाच्या भरवशावर हप्ता बांधून घेऊ नका, मग तो फ्लॅटचा असो की गाडीचा. विवरणपत्र मात्र दरवर्षी भरायला लावा. कापलेला टीडीएस परत मिळवायचाही कंटाळा करणारे महाभाग आहेत.

कोरोनाचं वर्ष आठवत असेल. १९३४-३५ ला सुरू झालेली रणजी २०२०-२१ मध्ये पहिल्यांदाच झाली नाही. मंडळाने भरपाई दिली, आधीच्या मोसमाच्या मानधनाच्या निम्मी, पण ती २०२१ च्या सप्टेंबरात जाहीर झाली. त्या वर्षभरात ज्यांच्या घरी दुसरा पगार होता ती मुलं सराव करत होती. ज्यांच्या घरी नव्हता त्यातली काही परत आलीच नाहीत.

आता ऑर्डरकडे येतो, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य तिथे आहे. 'टेबलावर बसलो की संपलो.' हे त्याला कुणी शिकवलं? आपलं क्रिकेट टेबलांवरच तर मोठं झालं! भारताचे कर्णधार अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. मुंबईची टाइम्स शील्ड ही कचेऱ्यांची स्पर्धा, तिथे एकेका कंपनीच्या संघात निम्मे रणजीचे खेळाडू असायचे. मफतलाल, निरलॉन, टाटा, एसीसी, बँका, रेल्वे. पोरगा चांगला खेळतो असं दिसलं की आधी त्याला कुठे चिकटवायचं हे बघायचे, मग बाकीचं. रेल्वेचा संघ म्हणजे सगळे नोकरदार, आणि त्यांनी २००१-०२ आणि २००४-०५ ला रणजी जिंकून दाखवली. गिरण्या गेल्या, कंपन्यांचे संघ आटले, २००८ ला आयपीएल आली आणि नव्या पोरांना वाटायला लागलं की नोकरी करणारा तो हौशी. तुमचा नवरा त्या पिढीचा. त्याची चूक नाही, पण समज अर्धी आहे.

क्रीडा कोट्यातून घेतात ते खेळण्यासाठीच. खात्याचा संघ असतो, आंतरखाते स्पर्धा असतात, आणि बऱ्याच ठिकाणी राज्याकडून खेळायला विशेष रजा मिळते. पण 'बऱ्याच ठिकाणी' या शब्दावर जाऊ नका, याच खात्याचं विचारा. तिथे आधीपासून लागलेले दोन-तीन खेळाडू शोधायला सांगा, क्रिकेटचे नसले तरी चालतील, कबड्डीचा खेळाडू जास्त खरं सांगेल. राज्याच्या संघाकडून खेळायला ना-हरकत लागते का, परिवीक्षेच्या काळात रजा अडवतात का, साहेब बदलला की धोरण बदलतं का, जखमी झालं तर काय. सध्या रणजी दोन तुकड्यांत होते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्धी आणि जानेवारीपासून उरलेली, मधे टी-ट्वेंटी आणि वन-डे. म्हणजे रजा एकदम नको, तुकड्या-तुकड्यांनी हवी. ते जमतं का? जे सांगतील ते ऑर्डरमध्ये किंवा परिपत्रकात कुठे लिहिलंय ते बघा. मुदत कमी वाटत असेल तर लेखी अर्ज करून वाढवून मागा. नाही म्हणाले तर नाही म्हणाले.

आणखी एक. क्रीडा कोट्यात मागच्या थोड्या वर्षांतली कामगिरी आणि वय बघतात. तीन सामने मागच्या मोसमातले आहेत, म्हणून आज ऑर्डर हातात आहे. 'दोन वर्षं खेळतो, मग नोकरीचं बघू' असं तो म्हणत असेल, तर दोन वर्षांनी कामगिरी शिळी झालेली असेल आणि वय ३१. तेव्हा ऑर्डर येईलच असं कुणी सांगू शकत नाही. क्रिकेट त्याच्यासाठी दोन वर्षं थांबेल, कारण तो रोज पहाटे पाचला उठतोय. ऑर्डर थांबणार नाही.

माझं मत विचाराल तर हजर व्हावं. हे स्पष्ट लिहितो, नाहीतर सगळं सांगून मत द्यायचं टाळलं असं व्हायचं. पण हे माझं मत आहे, तुमचं नाही, आणि त्याला दाखवायचं असेल तर हा अंक दाखवा. शिव्या मला घालू दे.

मित्राच्या त्या ईशान्येकडच्या प्रस्तावाचं मी एका वाक्यात उरकणार होतो, पण 'थोडा खर्च येईल' हे शब्द वाचून थांबलो. बाहेरचे व्यावसायिक खेळाडू घेण्याची पद्धत जुनी आणि रीतसर आहे, एका संघात तीनपर्यंत घेता येतात. अमोल मुजुमदार मुंबईकडून खेळून मग आसामकडे आणि आंध्रकडे गेला. वसीम जाफर विदर्भाकडे गेला आणि विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. २०१८-१९ ला ईशान्येकडची राज्यं, उत्तराखंड, बिहार, पुदुच्चेरी असे नऊ नवे संघ आल्यावर ही मागणी वाढलीही. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: संघाने त्यांना बोलावलं आणि संघाने त्यांना पैसे दिले. खेळाडूने पैसे देऊन मिळते ती जागा नसते, ती फसवणूक असते. त्या मित्राला दोन प्रश्न विचारायला सांगा. संघटनेच्या लेटरहेडवर पत्र येईल का? पैसे कुणाच्या खात्यात भरायचे? दुसऱ्याच्या उत्तरात एखाद्या भाऊचं किंवा सरांचं नाव आलं की फोन ठेवायचा आणि मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला कळवायचं. आणि खरंच रीतसर पत्र आलं तरी ना-हरकत घेऊन राज्य सोडण्याआधी दहादा विचार. इथली त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरते, परतताना ती रिकामी सापडत नाही.

आयपीएलचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण घरात असणारच. २०२५ च्या मोठ्या लिलावाला १,५७४ जणांनी नाव नोंदवलं होतं, विकले गेले १८२. भारताकडून न खेळलेल्यांची सगळ्यात कमी मूळ किंमत ३० लाख. नोंदवावं, काही जात नाही. कुणीतरी प्रवीण तांबेचं नाव घेईल, ४१ व्या वर्षी आयपीएलमध्ये आला म्हणून. आला खरा, २०१३ ला. पण तोवर तो काय करत होता, तर कंपनीच्या संघातून खेळत होता, नोकरी करून. ही बाजू सांगताना लोक गाळतात.

एवढं सगळं हिशेबाचं झालं. पण तो हिशेबाला घाबरलेला नाही, ताई. ऑर्डरवर सही केली की 'आपण क्रिकेटर आहोत' हे वाक्य 'होतो' होईल, याला तो घाबरलाय. मला ते ओळखता येतं.

माझं नाव गेलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळी संघ पेपरात छापून यायचा. मी एसटी स्टँडवर उभा, हातात पेपर, पंधरा नावं. मी ती दोनदा वाचली, मग प्रत्येक नावावर बोट ठेवून मोजली, न जाणो पेपरवाल्याने चौदाच छापली असतील. पंधरा भरली. घरी गेलो आणि बायकोला म्हटलं, खांदा दुखतोय म्हणून मीच सांगितलं नको म्हणून. ती काही बोलली नाही. पेपर तिने माझ्याआधीच वाचला होता, हे मला चार वर्षांनी कळलं.

ती मला कधीच 'सोडा' म्हणाली नाही. एका मे महिन्यात तिने फक्त कॅलेंडर काढून ठेवलं. वर्षभर दूधवाल्याचं लिहायची त्यावर. मी गावी नसेन त्या दिवशी पाव लिटर कमी, त्याची खूण. खुणा मोजल्या तर ७१ दिवस मी घराबाहेर होतो. शिबिरं, निवड चाचण्या, कुठल्या कुठल्या करंडकाचे सामने. त्यात रणजीचे सामने दोन. मी ते कॅलेंडर बराच वेळ धरून बसलो होतो. मग विचारलं, 'बँकेच्या संघाचं काय चाललंय सध्या?' बँकेत मी तेव्हा होतोच, पण संघाच्या सरावाला जात नव्हतो, ते मला कमीपणाचं वाटायचं. त्या वर्षी गेलो आणि पुढे ११ वर्षं बँकेकडून खेळलो. माझी सगळ्यात चांगली गोलंदाजी त्या ११ वर्षांतली आहे. कुणी पाहिली नाही म्हणा. रणजीत तरी कोण बघत होतं? पहाऱ्यावरचा पोलीस, दोन पेन्शनर आणि सीमारेषेवर झोपलेलं एक कुत्रं.

तेव्हा बोलताना 'खेळायचं की सोडायचं' असा प्रश्न मांडूच नका, त्याला एकच उत्तर आहे आणि ते तो पोटातून देणार. 'किती दिवस, आणि कुठल्या आधारावर' एवढंच विचारा. वेळ बघून विचारा. कुठल्या संघाची निवड जाहीर होते त्या दिवशी नको, जेवताना सासूबाईंसमोर तर नकोच. पहाटे तो निघतो तेव्हा एक दिवस मुलीला घेऊन त्याच्याबरोबर मैदानावर जा. त्याला शेवटचं गोलंदाजी करताना तुम्ही कधी पाहिलंत? मी असं का विचारतो तर तुमच्या पत्रात किट बॅग आहे, ऑर्डर आहे, सासूबाई आहेत, पण तो गोलंदाजी कशी टाकतो याचा एक शब्द नाही. चेंडू आत येतो की बाहेर जातो हे तुम्हाला माहीत असावं, निदान हा विषय काढण्यापूर्वी.

मुदत त्याला ठरवू दे. २९ हे मध्यमगती गोलंदाजाचं काही म्हातारपण नाही, पाठ आणि गुडघे साथ देत असतील तर ३३-३४ पर्यंत आरामात. नोकरी धरून दोन मोसम पूर्ण ताकदीने, असं तो म्हणाला तर दोन मोसम. पण मोसमाच्या शेवटी काय घडलेलं असलं तर पुढे जायचं, हे त्याने त्याच वहीत आत्ता लिहावं. किती बळी ते लिहू नये, बळी नशिबाचेही असतात. किती दिवस अकरांत, ते लिहावं.

नोकरी लागली की लक्ष विचलित होतं असं तो म्हणेल. नागपूरच्या रजनीश गुरबानीचं सांगा. सिव्हिल इंजिनिअर झालेला गोलंदाज. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात इंदूरला दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि विदर्भाला पहिली रणजी मिळाली. डोक्यात दुसरं काही असलं म्हणून चेंडू स्विंग व्हायचा थांबत नाही.

पुढचं दार आत्तापासून किलकिलं करून ठेवायला हरकत नाही. प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत, अंपायरची परीक्षा आहे, व्हिडिओ विश्लेषकाचं काम आता प्रत्येक संघात लागतं. सामनाधिकारी, निवड समिती ही पुढची कामं. ११ सामन्यांचा अनुभव तिथे ११ सामन्यांहून जास्त मोजला जातो. मुजुमदारच बघा, पदार्पणात २६०, प्रथम दर्जाच्या ११ हजारांहून जास्त धावा, भारताकडून खेळायची टोपी कधी नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तो होता. हे उदाहरण मी सांत्वनाला देत नाही, त्याला त्या टोपीचं दुःख नसेल असं मला वाटत नाही. फक्त त्याच्या हातात जे कसब होतं ते खेळणं थांबल्यावर वाया गेलं नाही, एवढंच.

सासूबाईंना सांगा, 'तुम्हीच सांगा त्याला.' आईचा शब्द सुनेच्या तोंडून पाठवायचा नसतो.

तुमच्या नोकरीचंही बोलू, कारण तुम्ही ते पत्रात कुठेच आणलं नाहीत. मुंबईला जिल्हा परिषद नाही. तुम्हाला आंतरजिल्हा बदली मागावी लागेल, पती-पत्नी एकत्रीकरणात, ठाणे किंवा रायगड किंवा पालघर. ती एका वर्षात होईलच असं नाही आणि तिकडे गेल्यावर सेवाज्येष्ठता खाली जाते. म्हणजे पहिली एक-दोन वर्षं मुलगी, शाळा आणि सासूबाई तुमच्याकडे आणि तो मुंबईत खोली करून. हा खर्च त्या वहीत तिसऱ्या रकान्यात लिहा, तुमच्या नावाने. तो नवऱ्याच्या क्रिकेटचा खर्च नाही, पण आजवर तुम्ही भरलेल्याचाही हिशेब त्याला पहिल्यांदा तिथेच दिसेल.

आणि हजर व्हायला जायचं ठरलंच, तर किट बॅग घरी ठेवून जाऊ देऊ नका. पहिल्या दिवशी कागदपत्रं तपासून झाली की कुणीतरी सीनियर टेबलावरून मान वर करून विचारेल, 'नवा बॉल टाकतोस का रे? शनिवारी मॅच आहे.'